एका शब्दाचे तीन रविवार

रविवारी सकाळी चर्चमधल्या सातच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला, ॲन्सेल्म तुस्कानो सर गेली चाळीस वर्षं डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत आले होते. त्या रविवारी ते सहाव्या बाकावर, खांबाच्या आड जाऊन बसले, आणि नेमक्या त्यामुळेच सगळ्या भुईगावचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. ज्याला लपता येत नाही त्याने त्या भानगडीत पडू नये. पण सरांना इंग्रजी शिकवण्यापलीकडे आयुष्यात फारसं काही जमलेलं नव्हतं, तर लपणं कुठून जमणार?

मिस्सा संपता संपता फादर युजीन यांनी चष्मा सारखा केला आणि कागद पुढे ओढला.

"विवाहाची घोषणा. वेळ पहिली. भुईगावचे ॲन्सेल्म तुस्कानो, विधुर, आणि गिरीजच्या प्रिस्का डाबरे, विधवा. या विवाहाला काही अडथळा असल्याचं कुणाला ठाऊक असेल, तर त्यांनी धर्मगुरूंना कळवावं."

पुढच्या बाकांवरची डोकी एकदम मागे वळली. कुणी हसलं, कुणी मान डोलावली. सरांचे कान तापले. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी आपलं नाव असं पुकारलं जाताना ऐकणं त्यांना लाजिरवाणंही वाटलं आणि बरंही वाटलं. पण त्यांची नजर माणसांवरून भिरभिरत होती ती वेगळ्याच कारणाने. सुझान आली असेल का, हे ते बघत होते.

सुझान म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आणि बापाच्या लग्नाची गोष्ट बापाने तिला सांगितलेलीच नव्हती.

चर्चमध्ये नाव पुकारायच्या आधी जवळच्या घरी स्वतः जाऊन, उंबऱ्यात उभं राहून, तोंडाने सांगायचं, अशी त्यांच्या घराण्याची जुनी रीत. फोनवर नाही, चिठ्ठीने नाही. घोषणा लोकांसाठी, सांगणं आपल्या माणसांसाठी. सरांनी ती रीत काटेकोर पाळली. गल्लीतल्या अकरा घरी ते इस्त्रीचा शर्ट घालून जाऊन आले. अकरा घरी अकरा वेळा सरबत प्यायले. बारावं घर, सुझानचं, तेवढं राहिलं. ते आचोळ्याला होतं, गल्लीत नव्हतं, असं कारण त्यांनी स्वतःला दिलं. शाळेत एखाद्या पोराने असं कारण दिलं असतं तर सरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

खरं कारण अकरा वर्षांचं जुनं होतं. सुझानने आचोळ्याच्या अल्पेश म्हात्रेशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा सर पडवीत उभं राहून म्हणाले होते, "हे नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही." मुलगा हिंदू, नोकरी साधी, वगैरे वगैरे. कारणं पुष्कळ होती आणि त्यातलं एकही आता त्यांना धड आठवत नव्हतं. पोरीने आवाज चढवला नाही. तिने विवाह नोंदणीच्या कचेरीत अर्ज दिला, तीस दिवस तिथल्या फळ्यावर दोघांच्या नावांची नोटीस लागली, आणि एकतिसाव्या दिवशी लग्न लागलं. सर गेले नाहीत. पुढे रेजिना, त्यांची बायको, वारली, आणि मग सुझान महिन्यातून दोनदा येऊ लागली. डबा आणायची, औषधं तपासायची, पंखे पुसायची. अल्पेश तिला स्कूटरवरून गल्लीच्या तोंडाशी सोडायचा आणि रस्त्यालगतच्या मोरीच्या कठड्यावर बसून वाट बघायचा. अकरा वर्षांत तो अंगणात आला नव्हता, कारण त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आणि ज्याने बोलवायला हवं होतं त्याला आता बोलवायची लाज वाटत होती, हे सरांच्या पोटातलं गुपित.

आता अशा मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाई, मी लग्न करतोय, माझं नाव चर्चमध्ये वाजतगाजत पुकारणार आहेत, तू खूश हो?

त्या रविवारी दुपारी सुझानचा फोन आला नाही. एरवी साडेबाराला यायचाच. सरांनी फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. तिला सकाळी पाठवलेल्या फुलांच्या चित्राखाली दोन निळ्या खुणा दिसत होत्या. म्हणजे तिने फोन उघडला होता. म्हणजे तिला कळलं असणार. भुईगावात सकाळी आठला झालेली गोष्ट सव्वाआठला दुबईतल्या भाच्याला कळते, मग आचोळं काय लांब? पण कळलं असेल तर ती बोलत का नाही? आणि कळलं नसेल तर फोन का नाही? सर पडवीतून माजघरात आणि माजघरातून विहिरीपर्यंत एवढ्या चकरा मारत राहिले की अंगणातली कोंबडीसुद्धा कंटाळून कोपऱ्यात जाऊन बसली.

संध्याकाळी ते गिरीजला प्रिस्काबाईंकडे गेले. प्रिस्काबाई बासष्ट वर्षांच्या, चौतीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. दीड वर्षापूर्वी ज्येष्ठांच्या सहलीत सरांना चक्कर आली तेव्हा त्यांनीच सरांचं मनगट धरून नाडी मोजली होती आणि चारचौघांत विचारलं होतं, "सकाळपासून काय खाल्लंत? खरं सांगा." तेव्हापासून त्यांच्याशी खोटं बोलायची सरांची छाती होत नव्हती. बाई वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होत्या. त्यांनी कोयता न थांबवता विचारलं, "सुझान काय म्हणाली?"

सर चपलेने माती उकरू लागले.

कोयता थांबला. "सांगितलंच नाहीत?"

"सांगणार आहे. पत्र लिहायला घेतलंय."

"पत्र? ती काय ऑस्ट्रेलियाला आहे?"

"शब्द नीट जुळत नाहीत, प्रिस्काबाई. सात वेळा लिहिलं."

बाईंनी पानं बाजूला टाकली, पदराला हात पुसले, आणि अगदी शांतपणे बोलल्या. त्या शांतपणाचाच सरांना धसका बसला. "सर, मी लग्नाला तयार झाले, चोरीला नाही. घोषणा तीन रविवार होते, अजून दोन आहेत. तोवर तुम्ही पोरीला स्वतः सांगायचं. नाही सांगितलंत, तर तिसऱ्या रविवारी मी भुईगावच्या चर्चमध्ये येईन आणि फादरना कळवीन की अडथळा आहे. अडथळा म्हणजे तुम्ही."

झालं. आता सरांच्या दोन्हीकडे आग. सांगितलं तर मुलगी तुटेल, न सांगितलं तर लग्न मोडेल. त्यांना परतताना रिक्षासुद्धा मिळाली नाही. वाडीवाडीतून चालत, वाटेत दोनदा चुकून, ते घरी पोचले.

बुधवारी पडवीत शिकवणी होती. गावातल्या चार मुली परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देणार होत्या, आणि सर त्यांना फुकट शिकवत. दर आठवड्याला फळ्यावर एक शब्द. त्याचे सगळे अर्थ, सगळं कुळ, त्याची सगळी भावंडं. निवृत्तीनंतर सरांनी अशा शब्दांच्या अठरा वह्या भरल्या होत्या. माणसांपेक्षा शब्दांची नाती त्यांना अधिक पाठ, असं रेजिना म्हणायची, आणि ते काही कौतुकाने म्हणायची नाही.

"आजचा शब्द तुम्ही सांगा," सर म्हणाले, कारण त्यांचं स्वतःचं डोकं चालत नव्हतं.

निधी नावाच्या मुलीने पेपरातली बातमी दाखवली. पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी. "सर, बॅन. सोपा आहे."

सर खडू हातात घेऊन उभे राहिले ते उभेच. मग त्यांनी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली.

"सोपा नाही," ते म्हणाले. "आज बॅन म्हणजे बंदी. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत बॅन म्हणजे बंदी नव्हतीच. मोठ्याने जाहीर करणं, लोकांना हाक देऊन बोलावणं, म्हणजे बॅन. मग राजाची माणसं चौकात उभी राहून जाहीर काय करणार? हे करू नका, ते करू नका. असं ऐकून ऐकून जाहीर करणं मागे पडलं आणि मनाई तेवढी उरली."

मुली लिहून घेऊ लागल्या. सरांचा आवाज लागला. खडू हातात असला की त्यांची भीती जरा दूर बसायची. "आता भावंडं बघा. ज्याला समाजाबाहेर काढल्याचं जाहीर झालं, तो बँडिट. जाहीर हुकूम मोडून आणलेला माल, कॉन्ट्राबँड. फ्रान्सात जमीनदाराची एक भट्टी असायची. पाव तिथेच भाजायचा, असा जाहीर हुकूम. सगळ्या गावाची एकच भट्टी, म्हणून जे सगळ्यांचं, सामान्य, त्याला विशेषण मिळालं बॅनल. आज बॅनल म्हणजे अगदीच नीरस, शिळं. आणि एक लक्षात ठेवा, आपल्या बंदी शब्दाशी याचं काहीही नातं नाही. तो फारसीतून आलाय, बांधण्याच्या घरातला. चेहरा सारखा म्हणून भाऊ समजू नका."

"आणि चर्चमध्ये लग्नाची नावं वाचतात ते?" निधीच्या शेजारच्या मुलीने विचारलं. "त्यालाही बॅन्सच म्हणतात ना, सर?" विचारून झाल्यावर तिला कळलं की आपण काय विचारलं, आणि तिने जीभ चावली. बाकीच्या तिघींनी वह्यांत डोकी घातली.

"तेही तेच," सर म्हणाले. "जाहीर करणं."

"मग सर, अबँडन?" निधीने उगाच विषय बदलायला विचारलं.

सरांनी तो शब्द लिहिला. "याच घरातला. आधी अर्थ होता, दुसऱ्याच्या हुकमतीत सोपवून देणं. सोपवलं, म्हणजे आपला हात सोडला. मग झालं सोडून देणं, टाकून देणं."

टाकून देणं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. वर जाहीर करणं, खाली टाकून देणं, मधे मनाई. एकाच आईची लेकरं. अकरा वर्षांपूर्वी याच पडवीत उभं राहून त्यांनी हे तिन्ही एका वाक्यात केलं होतं, आणि तेव्हा त्यांच्या हातात खडू नव्हता, एवढाच फरक.  "आज एवढंच," म्हणून त्यांनी मुलींना अर्धा तास आधीच सोडलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी त्यांनी वेलची केळ्यांची एक फणी पिशवीत घातली आणि आचोळ्याला निघाले. बस, मग पुलापलीकडे शेअर रिक्षा, मग पाच-सहा जणांना पत्ता विचारणं. मुलीच्या घरी जायला बापाला लोकांना पत्ता विचारावा लागला. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांची वाक्यं तयार होती. सुझान, मला तुला एक सांगायचंय. बस, एवढ्यापासून सुरुवात करायची.

दार अल्पेशने उघडलं. चाळिशीचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला, हातात भिजलेली कणीक. "सर!" तो म्हणाला.  मग दोघांनी मिळून केळ्यांकडे पाहिलं.

"या ना, बसा. सुझान ऑफिसला आहे, सातला येते. चहा टाकतो."

सर सोफ्याच्या कडेला बसले. समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. नोंदणी कचेरीतला, मागे कपाटं, टेबलावर रजिस्टर. सुझान साध्या पिवळ्या साडीत, अल्पेश, त्याचे वडील श्रीपतराव, एक मित्र. आणि पाचवी, टेबलावर वाकून, हातात पेन धरून सही करणारी बाई. चॉकलेटी काठाची साडी. सरांनी चष्मा पुसला आणि उठून जवळ गेले.

रेजिना होती ती.

साक्षीदार म्हणून रेजिनाने सही केली होती. त्या दिवशी तिने सांगितलं होतं, बहिणीकडे नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते. संध्याकाळी येऊन तिने कोलंबीचं कालवण केलं होतं, आणि सरांनी ते दोनदा वाढून घेतलं होतं. पाच वर्षं ती त्यांच्या शेजारी झोपली, उठली, आजारी पडली, गेली, आणि हे तिने सांगितलं नाही. कारण त्यांनीच सांगितलं होतं, हे नाव घरात घ्यायचं नाही. तिने नाव घेतलं नाही. फक्त जाऊन आली.

सरांना तिचा राग आला नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"सर, काही सांगायचं होतं का सुझानला?" चहाचा कप पुढे करत अल्पेशने हलकेच विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्याला सगळं ठाऊक आहे.

"केळी," सर म्हणाले. "दोन दिवसांत पिकतील. फ्रीजमध्ये ठेवू नका."

आणि ते उतरून आले. चार जिने उतरेपर्यंत त्यांनी स्वतःला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

रात्री आठला सुझानचा निरोप आला. "आला होतात म्हणे. केळी छान आहेत. गोळी घेतलीत का?" बस. सरांनी तो निरोप पंधरा वेळा वाचला. वाक्यामागे राग दिसतो का, बघितलं. दिसला नाही. ती वाट बघत होती, एवढं मात्र त्यांना स्वच्छ कळलं. तिला सगळं माहीत होतं, आणि बाप स्वतः कधी तोंड उघडतो हे ती बघत होती.

दुसरा रविवार आला. फादर युजीन यांनी दुसऱ्यांदा नावं वाचली. सुझान नव्हती. सरांनी पुन्हा जागा बदलली होती, यावेळी गायकांच्या माळ्याच्या जिन्याखाली.

पुढच्या शनिवारी सकाळी धोंडूबाई टोपली घेऊन पडवीत टेकली. खाडीकडच्या गावातली ही शेतकरी बाई, निधीची आजी. दर शनिवारी भाजी द्यायची आणि रविवारी चर्चच्या फाटकाबाहेर टोपली मांडून बसायची. तिच्यापासून भुईगावात काही लपत नव्हतं.

"सर, उद्या तिसरा रविवार ना? पोरीला म्हनलं का नाय?"

"म्हणेन, धोंडूबाई."

"आता कदी म्हननार? लगीन झाल्यावं?" तिने वांगी मोजून ठेवली. "निधी सांगत व्हती, सर एका सबदाचं सात पिड्यांचं सांगतात. आन पोरीला एक सबुद म्हनाया तोंड नाय उगडत? जरा पानी द्या, गला सुकला."

सरांनी पाणी दिलं. ती गेल्यावर ते शब्दकोश काढून बसले, कारण त्रास झाला की त्यांना तेवढंच येत होतं. बॅनची जुनी मुळं शोधत ते आणखी मागे गेले, इंग्रजीच्याही पलीकडे, जिथे युरोपच्या आणि आपल्या भाषा एका घरात नांदत होत्या. तिथे मूळ सापडलं. अर्थ नुसता एवढाच, बोलणं. आणि त्याची इकडची शाखा संस्कृतात भण्. भणति. प्राकृतात भणइ. आणि तिथून मराठीत, म्हणणे.

सर खुर्चीत मागे टेकले. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून त्यांना हे आज कळत होतं. त्या तीन अक्षरांचा सगळा पसारा, मनाई, घोषणा, टाकून देणं, आणि मुळाशी काय तर धोंडूबाईचं वांगी मोजता मोजता केलेलं हटकणं. म्हनलं का नाय?

त्यांनी पत्राचे सातही खर्डे फाडले.

तिसऱ्या रविवारी ते आपल्या तिसऱ्या बाकावर बसले. प्रिस्काबाई गिरीजहून आल्या होत्या, मधल्या रांगेत, हाताची घडी घालून. आणि शेवटच्या बाकावर, पायरीजवळ, सुझान. सरांनी मागे वळून पाहिलं. तिने नजर दिली नाही.

प्रवचनात फादर काय बोलले ते सरांना आजही सांगता येणार नाही.  मिस्सा संपल्याबरोबर तिला गाठायचं, एवढंच डोक्यात. शेवटी ते वाक्य आलं. "वेळ तिसरी आणि शेवटची. कुणाला काही अडथळा ठाऊक असेल, तर कळवावं."

आशीर्वाद झाला. लोक उठले. सर धडपडत मागे गेले तर सुझानचा बाक रिकामा. ती पलीकडच्या रांगेतून सरळ वेदीमागच्या खोलीत, फादरकडे गेली होती.

सरांना उमगलं. ती कळवायला गेली. अकरा वर्षांनी परतफेडीची संधी तिला मिळाली, ती घेणारच, आणि का घेऊ नये? ते बाहेर आले, अंगणातल्या दगडी क्रुसाच्या पायरीशी उभे राहिले. अंगण माणसांनी भरलेलं. फाटकाबाहेर धोंडूबाईची टोपली, आणि तिच्याशेजारी स्कूटरला टेकून अल्पेश. प्रिस्काबाई चार हातांवर येऊन थांबल्या. 

थोड्या वेळाने फादर युजीन आणि सुझान एकत्र बाहेर आले. फादर हसू दाबत होते.

"सर, तुमच्या मुलीने हरकत नोंदवली."

"कसली हरकत?"

"की तिला कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, बाई, हे कारण चर्चच्या कायद्यात बसत नाही. ती म्हणाली, तरी लिहून घ्या."

सुझान बापासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, आवाज मात्र साधा. "लग्न करा की, पप्पा. प्रिस्कामावशी चांगल्या आहेत. मला त्याचं काही नाही." तिने ओढणी खांद्यावर सारखी केली. "त्या वेळी तीस दिवस आमची नोटीस फळ्यावर होती. रोज वाटायचं, आज पप्पा येतील, हरकत घेतील. निदान भांडायला तरी येतील. हरकत आली नाही आणि तुम्हीही आला नाहीत. काहीच बोलला नाहीत. आणि आताही तसंच. अकरा घरी सांगितलंत, पप्पा. मला फादरच्या तोंडून कळायचं?"

"मी आलो होतो," सर म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. "एकोणतिसाव्या दिवशी. फळ्यासमोर उभा होतो. तुझं नाव वाचलं. खिशात कागद होता हरकतीचा. तो दिला नाही, आणि तुझ्याशीही बोललो नाही. तसाच परत गेलो. भ्यालो, सुझान. तेव्हाही भ्यालो आणि आताही. मी प्रिस्काबाईंशी लग्न करतोय. हे तुला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. तू यावंस अशी माझी फार इच्छा आहे. तू आणि..."

पुढचं नाव तोंडातून निघेना. अकरा वर्षांचा गंज होता त्याच्यावर. सुझान वाट बघत होती. प्रिस्काबाईही.

मग सरांनी एक गोष्ट केली जी त्यांच्याकडून कुणी अपेक्षिली नव्हती, त्यांनी स्वतःही नाही. ते क्रुसाच्या वरच्या पायरीवर चढले, आणि पन्नास पोरांचा वर्ग एका हाकेत गप्प करणाऱ्या त्या जुन्या आवाजात बोलले.

"ऐका! भुईगावचे ॲन्सेल्म तुस्कानो आणि दिवंगत रेजिना तुस्कानो यांची मुलगी सुझान, आणि आचोळ्याचे श्रीपत म्हात्रे यांचा मुलगा अल्पेश, यांचं लग्न झालेलं आहे. अकरा वर्षं झाली. तिची आई साक्षीला होती. बाप नव्हता. बापाने हे तेव्हा गावाला सांगितलं नाही, ते आज सांगतोय."

सगळ्यांच्या माना क्रुसाकडे वळल्या. मग फाटकाबाहेरून धोंडूबाईचा आवाज आला, "मंग अकरा वर्सं काय करत व्हते, सर?"

अख्खं अंगण हसलं. सरही हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे वाहू लागले. त्यांनी ते पुसले नाहीत. त्यांनी फाटकाकडे हात केला. "अल्पेश! तिथे काय उभा आहेस? आत ये."

अल्पेश हेल्मेट हातात घेऊन, चप्पल काढावी की नाही अशा घोटाळ्यात, अंगणात आला.

सुझान बापाकडे बघत होती. तिने नाक पुसलं. "एकदा सांगून होत नाही, पप्पा," ती म्हणाली. "तीनदा सांगतात. अजून दोन रविवार राहिले."

"सांगेन," सर म्हणाले. "ऐकायला येशील?"

"आम्ही दोघं येऊ."

सरांनी घाबरत प्रिस्काबाईंकडे पाहिलं, कारण त्यांचं स्वतःचं लग्न येत्या शनिवारी ठरलेलं होतं. बाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या फादर युजीन यांच्याशी बोलत होत्या. "फादर, आमची तारीख दोन आठवडे पुढे लिहा. आधी पोरीचं पूर्ण होऊ दे."